बाइटमागचा श्वास

हिंगणीला गजूभाऊंच्या घरी त्यांचा कॅमेरा अजून आहे. लोखंडी पेटीत, खादीच्या पंच्यात गुंडाळलेला, ओल लागू नये म्हणून शेजारी तांदळाची पुरचुंडी. मागच्या रविवारी शोभावहिनींनी तो माझ्यापुढे ठेवला, पंचा उलगडला आणि वास आला. गरम प्लास्टिकचा, जुन्या टेपेचा, आणि खालून कुठून तरी गोरसपाकाचा. गोरसपाक म्हणजे आमच्या वर्ध्याचं ते तुपाळ, हातात घेताच भुगा होणारं बिस्किट. गजूभाऊ ते कॅमेऱ्याच्या पिशवीतच ठेवायचे आणि भुगा लेन्स पुसायच्या फडक्यात शिरला की ओरडायचे मात्र माझ्यावर. इतक्या वर्षांनी तो वास येणं शक्य नाही, एवढं मलाही कळतं. पण आला.

संक्रांतीच्या आसपास जान्हवीचा फोन आला होता. जान्हवी म्हणजे गजूभाऊंची मुलगी. अकरावीत आहे. ते गेले तेव्हा पाळण्यात होती.

"आत्या, बाबाचे फोटो हायेत आमच्याजवळ," ती म्हणाली. "पण बाबा बोलत कसे होते थे मले माईतच नाई. तुमच्याजवळ त्यायचा आवाज असन का कोठं?"

मी म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि मला राग आला. कुणाचा ते नीट सांगता येणार नाही. सगळ्या जिल्ह्याचा आला. सरपंच, आमदार, गुणवंत विद्यार्थी, वाघ पाहिलेले आणि वाघ न पाहिलेले, सगळ्यांचा आवाज या माणसाने टेपेवर घेतला, आणि त्याच्या लेकीला द्यायला त्याचा आवाज कुठेच नाही. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची कॅसेट आहे, पण त्या काळच्या रीतीप्रमाणे तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चढवलेली. गजूभाऊ त्यात ओठ हलवताना दिसतात. मंडपातल्या शूटिंगवाल्याला बहुतेक लाइट कुठे ठेव ते सांगत असावेत.

गजूभाऊ आमच्या केबलच्या बातम्यांचे कॅमेरामन आणि मी रिपोर्टर. वर्ध्यातल्या एका गाळ्यात आमचं चॅनल होतं. संध्याकाळी थोडा वेळ जिल्ह्याच्या बातम्या, उरलेला दिवस सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती आणि जुने सिनेमे. त्याआधी ते लग्नांचं शूटिंग करायचे. खऱ्या टीव्हीवाल्यांचे कॅमेरे तेव्हा खांद्यावर बसायचे. नागपूरहून ते आले की गर्दी आपोआप बाजूला व्हायची आणि आम्ही त्या गर्दीतच उभे असायचो. तसला कॅमेरा घ्यायचा तर आमच्या मालकांना तो गाळाच विकावा लागला असता. मग बाजारात हे हातात मावणारे एचडी कॅमेरे आले. छोट्या टेपेवर चालणारे, पण चित्र असं की मोठ्या चॅनलवालेही नाक मुरडणार नाहीत. गजूभाऊंनी तो घेतला तेव्हा सेलूच्या एका टीव्हीच्या दुकानात त्यांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं होतं. दुकानात नवा सपाट टीव्ही आला होता, त्याला वायर जोडून सकाळीच घेतलेलं केळीच्या बागेचं चित्र लावलं. दुकानदार, त्याचा भाऊ, समोरचा पानवाला, मी, सगळे पडद्याजवळ सरकलो. पानाची एकेक शीर दिसत होती.

"धूळ पाय ना बाई," गजूभाऊ माझ्या कानाशी म्हणाले. "पानावरची धूळसुदिक दिसून राह्यली."

मला ते बाईच म्हणायचे, मी वयाने लहान असूनही. त्या दिवशी ते इतके आनंदात होते की मला उगीच भीती वाटली.

आता गंमत अशी की आमची केबल तसलं चित्र दाखवूच शकत नव्हती. ती धूळ, त्या शिरा, सगळं गाळ्यातून निघून खांबाखांबांवरच्या वायरींतून लोकांच्या घरी पोचेपर्यंत पार गिचमिड व्हायचं. गजूभाऊंना हे ठाऊक होतं. तरी ते रोज लेन्स तशीच पुसायचे. कुणी चेष्टा केली तर म्हणायचे, "टेपेवर तं हाय ना."

कॅमेऱ्याचा लहान आकार मात्र त्यांना छळायचा. पुढारी मंडळी कॅमेऱ्यासमोर उभी राहायची आणि आमच्यावरून नजर पुढे टाकून विचारायची, "मोठा कॅमेरा नाई आला का अजून?" लग्नाचा कॅमेरा म्हणायचे त्याला. शेवटी गजूभाऊंनी सेलूच्या वेल्डरकडून पाइपचा एक खांदा बनवून घेतला, पुढे काळ्या कार्डबोर्डचं तोंड बसवलं, आणि तो इवलासा जीव त्या सांगाड्यात बांधून खांद्यावर घेऊन फिरू लागले. दोन आठवड्यांत त्यांचा खांदा सोलवटला. पण पुढारी बोलू लागले.

मला त्या दिवसांची आठवण येते ती बहुतेक मोटारसायकलवरून. पुढे गजूभाऊ, मागे मी, आमच्या दोघांच्या मध्ये पिशवीतला कॅमेरा. दिवाळीनंतर हिंगणघाटकडे निघालो की जिनिंगची सरकी रस्त्यावर वास मारायची आणि ओढणीला कापसाची तुसं चिकटायची. होळीच्या सुमारास बोर धरणाकडे वळलं की दोन्ही बाजूंना पळस पेटलेला, खाली मोहाचा गोडसर, डोकं जड करणारा वास. अल्लीपूरच्या बाजूला सोयाबीन काढायचे दिवस आले की मळणीयंत्राची धूळ तोंडात कचकचायची. बातमी काय होती ते मला आज एकाही दिवसाचं सांगता येणार नाही. बातम्या कुठे गेल्या देव जाणे.

आणि प्रत्येक ठिकाणी पहिलं काम तेच, पांढरं धरणं. कॅमेऱ्याला आधी पांढरा रंग कोणता ते दाखवावं लागतं, मग तो बाकीचे रंग त्या हिशेबाने लावतो. दुसरीकडचे लोक त्यासाठी कोरा कागद धरतात. आमच्याकडे वर्ध्यात पांढरं म्हटलं की खादीशिवाय दुसरं काही कुणाच्या डोक्यातच येत नाही. गजूभाऊंनी पहिल्या दिवशी खादीचा पंचा काढून माझ्या हातात दिला आणि मग तोच कायमचा झाला. आता कोऱ्या खादीइतकं फसवं पांढरं दुसरं नसेल. ती असते किंचित पिवळट. कॅमेरा बिचारा तिला पांढरं मानायचा आणि सगळं जग त्या मानाने निळ्याकडे सरकवायचा. त्यामुळे आमच्या बातम्यांतला सगळा वर्धा जिल्हा जरासा निळसर असायचा. निळसर केळी, निळसर म्हशी, निळसर आमदार. नागपूरच्या एका कॅमेरामनने ही चूक सांगितली तेव्हा गजूभाऊ बराच वेळ पंच्याकडे बघत राहिले. मग घडी घालून पिशवीत ठेवत म्हणाले, "आमच्या इकडचं पांढरं असंच राह्यते." कागद त्यांनी शेवटपर्यंत वापरला नाही. मला आजही ते सगळे दिवस निळसरच आठवतात.

श्वासाचं नंतर सुरू झालं.

त्या लहान कॅमेऱ्याचा माइक त्याच्या डोक्यावरच होता आणि मागे लगेच गजूभाऊंचं तोंड. मुळात त्यांचा श्वास जरा मोठा. कुठे टाकीवर, कुठे धरणाच्या भिंतीवर धावत चढायचे आणि पोचल्या पोचल्या डोळा लावायचे. मग समोरचा माणूस बोलत असायचा आणि त्याच्या मागे गजूभाऊ. बातमीत कुणाच्या तोंडची दोन वाक्यं दाखवतात त्याला आम्ही बाइट म्हणतो. आमच्या प्रत्येक बाइटमागे कुणीतरी भाता चालवत असल्यासारखं ऐकू यायचं. एकदा सगळ्यांसमोर बातम्या जुळवणारे आमचे डेस्कचे देशकर सर म्हणाले, "गजू, सरपंचाच्या मांगं पिठाची चक्की काऊन चालू हाय?" सगळे हसले. गजूभाऊही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. मला देशकर सरांना एक ठेवून द्यावीशी वाटली होती.

त्यानंतर त्यांनी श्वास धरायला शिकून घेतलं. मोटारसायकल चालवताना सराव करायचे. मागे बसल्या बसल्या मला दिसायचं, त्यांच्या पाठीचा शर्ट हलायचा थांबायचा. मी म्हणायची, "भाऊ, गाडी चालवताना तरी घ्या श्वास, मला घरी जायचंय." ते मानेने नाही म्हणायचे, कारण बोलले असते तर श्वास सुटला असता. हळूहळू जमलं. बाइट सुरू झाला की गजूभाऊ दगड. माणूस लांबण लावायला लागला की त्यांचा चेहरा तांबडा व्हायचा, कपाळावरची शीर वर यायची, पण चक्कीचा आवाज नाही. ते बघवायचं नाही म्हणून मीच प्रश्न लहान करत गेले. त्यांचा श्वास पुरेल एवढाच प्रश्न, पुरेल एवढंच उत्तर. लोक म्हणायचे, ही बाई अगदी मुद्द्याचं बोलते. बोलणंही त्यांनी सोडलं. कॅमेऱ्यामागून बोललेलं टेपेवर उतरतं, म्हणून सगळं बोटांनी. जवळ ये, थांब, पुन्हा विचार. जेवायला चल हेसुद्धा बोटांनीच.

घरीही ती सवय सुटली नाही. ताटावर बसले तरी घास हातात धरून तसेच, जान्हवीला मांडीवर घेतलं तरी तिच्याकडे बघता बघता श्वास थांबलेला. शोभावहिनी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायच्या, "कॅमेरा बंद हाय जी, सोडा ना आता श्वास." मग ते मोठ्ठा सुस्कारा सोडायचे आणि आम्ही हसायचो. त्या घरातलं हे रोजचं होतं.

आवाज शोधायचा म्हणून मी हे सगळं पुन्हा पुन्हा घोळवत बसले, तेव्हा मला टेपांची ती रीत आठवली. टेपा आम्ही परत परत वापरायचो. आजची बातमी कालच्या बातमीवर, उद्याची आजच्यावर. सगळा जिल्हा एकमेकांवर चढून पुसला गेला तो असा. पण टेपेचं तोंड सगळ्यात आधी खराब होतं म्हणून गजूभाऊ तिथे कधी काही महत्त्वाचं घ्यायचे नाहीत. नवी टेप घातली की पहिला तुकडा असाच फिरवायचे, मी पांढरं धरून उभी असायची तेवढा. पुढच्या खेपेला टेप तो तुकडा सोडून लावायची. म्हणजे बातम्या गेल्या असतील, पण तोंडं राहिली असणार. आणि त्या तुकड्यात ते श्वास धरत नसत. तो कुठे दाखवायचाच नव्हता. पुढे धरायचा असायचा म्हणून उलट आधी पोटभर घेऊन ठेवायचे.

ते कसे गेले ते मी इथे लिहिणार नाही. गेले. त्यानंतर चॅनल काही दिवस रडतखडत चाललं आणि बंद पडलं. मी शाळेत मराठी शिकवू लागले. आता माझ्या वर्गातल्या पोरांच्या खिशातले फोन गजूभाऊंच्या कॅमेऱ्यापेक्षा स्वच्छ चित्र काढतात, आणि पोरं त्यांवर डब्यातल्या पोह्यांचे फोटो घेतात. मला त्याचं वाईट वाटतं की नाही हे माझं मलाच कळत नाही.

तर मागच्या रविवारी मी हिंगणीला गेले. सेलूवरून कालव्याच्या कडेने. दोन्ही अंगांना गहू ओंबीवर आलेला, हरभऱ्याचा आंबट वास. वहिनींच्या ओसरीवर तूर पसरलेली होती. जान्हवीने कॅमेऱ्याचा चार्जर आधीच शोधून, पुसून ठेवला होता. चॅनलने चांगल्या टेपा केव्हाच परत नेल्या होत्या, घरात राहिलेल्या त्या बाद म्हणून टाकलेल्या. एकीच्या आत पांढरी बुरशी दिसत होती, ती मी घातलीच नाही.

"बोलणं नसेल हां," मी जान्हवीला आधीच सांगितलं. "फार तर श्वास असेल. आणि टेप जुनी आहे, यंत्र त्याहून जुनं. एकदा चालेल, चालणारही नाही."

"श्वास तं श्वास," ती म्हणाली. तिने फोन काढला, रेकॉर्डिंग लावलं आणि कॅमेऱ्याच्या बारक्या स्पीकरपाशी धरला. "हे जपून ठिवतो मी."

वहिनी आत आल्या नाहीत. दारात सूप घेऊन बसल्या, आमच्याकडे पाठ करून. त्यांना हे नको होतं का, की फार हवं होतं, मला विचारायचं धाडस झालं नाही.

पहिली टेप निळा पडदा दाखवून गप्प बसली. दुसरी घातली. झाकण आपोआप आत गेलं, आणि तो आवाज आला, टेप आत ओढून चाकाला गुंडाळतानाचा, बारीक, घाईचा. तो आवाज आला की पंचा हातात घ्यायचा, एवढं माझ्या हातांना अजून आठवत होतं. पडद्यावर चौकोन चौकोन फुटले, हलले, आणि जमले.

सगळा पडदा भरून खादी. धागा न् धागा दिसत होता, त्याच्यातल्या गाठी, एक उसवलेली कड आणि कडेला माझी तेव्हाची बोटं, त्यांवर खडूसारखी कसलीशी पांढुरकी धूळ. आणि त्या कापडाच्या अलीकडे, अगदी आमच्याजवळ, कुणीतरी श्वास घेत होतं.

मोठा, ओलसर, शेवटाला किंचित शिट्टी वाजणारा. घेतला. सोडला. घेतला.

जान्हवीने डोळे मिटले होते. चित्राकडे ती बघतच नव्हती. फोन हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने तिने मनगट धरलं होतं.

दारात सुपाचा आवाज थांबला. "भिंत चढून आलेत," वहिनी पाठमोऱ्याच म्हणाल्या. "बोरच्या धरणाची. चढून आले का असेच घेत जात."

"झालं का?" टेपेवर कुणीतरी विचारलं. माझाच आवाज, पण किती उतावळा, किती बेफिकीर. कापड खाली गेलं. मागे खरंच धरणाचं पाणी होतं, निळसर, पलीकडे निळसर जंगल. आणि तेवढ्यात श्वास थांबला. शॉट सुरू झाला होता. गजूभाऊंनी श्वास धरला होता. मीही धरला.

मग चित्र फुटलं. आत काहीतरी कचकन आवाज झाला, चाक अडखळलं, पडदा काळा. मी घाईने झाकण उघडलं तर टेप आतड्यासारखी बाहेर आली होती, चुरगळलेली, एका ठिकाणी तुटलेली. मी ती बोटांनी सरळ करत बसले. त्याचा काही उपयोग नव्हता आणि ते आम्हा दोघींना माहीत होतं.

"राहू द्या आत्या," जान्हवी म्हणाली. "माह्या फोनमधी आलं ना."

तिने लावलं. आम्ही दोघी त्या छोट्या फोनवर वाकलो. वहिनी उठून आल्या आणि आमच्या मागे उभ्या राहिल्या.

सुरुवातीला काहीच नाही. मग वहिनींचा आवाज, "भिंत चढून आलेत." अगदी स्वच्छ. मग माझा जुना, "झालं का?" मग पुन्हा काही नाही.

तिने आवाज वाढवला. पुन्हा लावलं. कानाला लावलं. नव्हता. बाहेरचा कोंबडा नव्हता, सुपातली तूर नव्हती, श्वास नव्हता. फोनने सगळं आपोआप साफ केलं होतं. माणसाचं बोलणं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं गाळायचं, असं शिकवलेलं असतं त्याला. देशकर सर असते तर खूश झाले असते. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला, आणि त्या पोरीच्या तोंडाकडे बघायची हिंमत होईना. मीच तिला आशा लावली होती.

जान्हवीने पुन्हा एकदा लावलं. या वेळी तिने फोन कानाला लावला नाही. समोर धरला आणि त्या शांततेकडे बघत राहिली. तिला ती गोष्ट मी आणि वहिनींनी मिळून किती वेळा सांगितली होती, चक्कीची, लाल कानांची, गाडीवरच्या सरावाची.

"गेला नाई आत्या," ती हळूच म्हणाली. "बाबानं धरून ठिवला असन."

फोनमधली ती शांतता चालूच होती. आम्ही तिघी त्याच्याभोवती उभ्या. मग वहिनी माझ्या खांद्यावरून पुढे वाकल्या. कित्येक वर्षांत मी त्यांच्या तोंडून तो स्वर ऐकला नव्हता, चुलीपाशी बसून घास थांबवलेल्या माणसाशी बोलायचा.

"कॅमेरा बंद हाय जी," त्या फोनला म्हणाल्या. "सोडा ना आता श्वास."